खुलासा करावा

आमच्या घरात मी अक्षरं काढतो आणि बायको अक्षरं लावते. मी दुकानांचे बोर्ड रंगवतो. ती हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये बसून डॉक्टरांनी फाईलमध्ये खरडलेलं वाचते आणि त्याचे कोड लिहिते. संसाराला सत्तावीस वर्षं झाली. माझं अक्षर वाचायला तिला कधी डोळे बारीक करावे लागले नाहीत, आणि डॉक्टरांचं वाचून वाचून चष्म्याचा नंबर चारदा वाढला. हे मी तिला अधूनमधून ऐकवतो. ती म्हणते, "तुमच्या बोर्डावर चार शब्द असतात. त्यांच्या कागदावर माणूस असतो."

हॉस्पिटलात तिला सगळे खुलासाबाई म्हणतात. तोंडावर नाही, मागे. तिला ते माहीत आहे, आणि मनातून आवडतंही, हे मी खात्रीने सांगतो.

तिचं काम काय ते मला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं. तोवर मला वाटायचं, ती फायली लावते. एकदा तिने जेवताना समजावून सांगितलं. समजा, कुणाचं दंडाचं हाड मोडलं, म्हणजे खांद्यापासून कोपरापर्यंतचं. बाकीचं जग म्हणेल, हात मोडला. तिचं तेवढ्याने भागत नाही. हाड खांद्याजवळ मोडलं, मध्ये मोडलं, की कोपराजवळ? आडवं मोडलं, तिरकं मोडलं, की पिळून? तुकडे जागेवर आहेत की सरकलेत? हात कुठला? उजव्याला एक, डाव्याला दोन. अशी एकेक खूण जोडत सहा जागा भरतात, आणि मग येतं सातवं अक्षर. तिचा सगळा जीव या सातव्या अक्षरात. 'ए' म्हणजे अजून उपचार चालू आहेत. 'डी' म्हणजे हाड जसं जुळायला हवं तसं जुळतंय. 'जी' म्हणजे जुळतंय, पण रेंगाळत. 'के' म्हणजे जुळायचं नावच नाही. 'पी' म्हणजे जुळलं, पण वाकडं.

ही अक्षरं आमच्या घरात मिठासारखी वापरली जातात. मी आणि माझा थोरला भाऊ सहा वर्षं बोलत नव्हतो, तेव्हा ही म्हणायची, "के." मग एका कार्यात आम्ही एकमेकांना पाण्याचा ग्लास दिला, पण तोंडाकडे बघितलं नाही. घरी येताना तिने निकाल दिला, "पी. वाकडं का होईना, जुळलं." लेकीचं तिच्या होणाऱ्या नवऱ्याशी भांडण झालं की ही दाराआडून कानोसा घेते आणि मला बोटांनी अक्षर करून दाखवते. बहुतेक वेळा डी असतं.

डॉक्टरांनी काही अर्धवट लिहिलं की ही त्यांना एक चिठ्ठी पाठवते. चिठ्ठीवर दोनपैकी एक शिक्का असतो. पहिला: 'खुलासा करावा.' दुसरा: 'अक्षर लागत नाही. पुन्हा लिहून द्यावं.' दुसरा शिक्का आधी झिजला, यावरून काय ते समजा. तिथल्या हाडांच्या डॉक्टरांनी पूर्वी एक युक्ती काढली होती. ही येताना दिसली की ते प्लास्टरच्या खोलीत शिरून आतून कडी लावायचे. हिने काही आरडाओरडा केला नाही. दाराबाहेर बाकावर बसून डबा उघडला आणि सावकाश जेवली. तिसऱ्या दिवशी डॉक्टर स्वतःच बाहेर आले आणि म्हणाले, "बाई, द्या ती चिठ्ठी. भूक लागलीय."

पण तिच्या चिठ्ठीचा एक कायदा आहे, आणि तो इथे सांगायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच बेतलेलं आहे. चिठ्ठीत उत्तर सुचवायचं नाही. 'पेशंट पडला ना?' असं विचारायचं नाही. 'काय झालं?' असं विचारायचं. ती म्हणते, "ना लावून विचारलं की माणूस हो म्हणून मोकळा होतो. काय झालं म्हटलं की त्याला आठवावं लागतं." हा कायदा तिच्या हाडीमांसी इतका भिनला आहे की एकदा एका फाईलमध्ये हात उजवा की डावा ते लागेना, म्हणून ती वॉर्डात गेली. पेशंट पांघरूण घेऊन झोपलेला. त्याची बायको शेजारी बसली होती. तिला 'उजवाच ना?' म्हटलं असतं तर काम एका मिनिटाचं. हिने विचारलं, "कुठला?" ती बाई म्हणाली, "यांचा की माझ्याकडून बघितलं तर?" मग ही चाळीस मिनिटं पलंगाशी उभी राहिली, त्या गृहस्थाने कूस बदलेपर्यंत. डावा निघाला.

आता माझ्या हाताकडे येतो.

लेकीचं लग्न ठरलं. मुलगा शांत, हसरा, आणि माझ्या विनोदांना हसणारा, म्हणजे मला आणखी काय हवं. त्याची आई बेकरी चालवते. नवरा लवकर गेला, तेव्हापासून तीस वर्षं पहाटे उठून पीठ मळत आली आहे. बेकरीवरचा बोर्ड उन्हाने पार उडाला होता. मी म्हटलं, "विहीणबाई, लग्नाआधी नवा बोर्ड माझ्याकडून. हाताने रंगवलेला." हल्ली सगळे संगणकावरचे छापील फ्लेक्स लावतात. हाताने अक्षर काढणारे आमच्या भागात आम्ही दोघंच उरलो, आणि दुसऱ्याला वेलांटी धड येत नाही.

एका दुपारी मी टेप घेऊन मापं घ्यायला गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. विहीणबाई मागच्या लांब टेबलावर पीठ मळत होत्या. मापं झाली, चहा झाला. मी आपलं म्हणायचं म्हणून म्हटलं, "मळायला जोर लागत असेल." त्या म्हणाल्या, "लागतो थोडा." मी म्हटलं, "आमच्याही कामाला मनगट लागतं. शिडीवर हात वर धरून तास तास." त्या म्हणाल्या, "हो का." त्यांचं ते 'हो का' मला आवडलं नाही. बोलण्यातून बोलणं वाढलं, आणि पाच मिनिटांनी दोन लग्नघरची दोन मोठी माणसं पिठाच्या टेबलावर कोपरं टेकवून पंजा लढवत बसली.

पहिलं अर्धं मिनिट मी जिंकत होतो. निदान मला तसं वाटत होतं. मग माझा हात हळूहळू मागे जायला लागला. विहीणबाईंच्या चेहऱ्यावर काही ताण नव्हता. त्या बहुतेक पाव कधी भाजायला टाकायचे याचा विचार करत असाव्यात. हरायला नको म्हणून मी अख्खं अंग फिरवलं. अंग फिरलं, हात तिथेच राहिला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. मला आधी वाटलं, टेबल मोडलं.

विहीणबाई पिठापेक्षा पांढऱ्या पडल्या. मी पोत्याला टेकून बसलो आणि दात आवळून म्हटलं, "हे कुणाला कळता कामा नये."

"अहो, पण डॉक्टरांना तर—"

"मी तुमचा बल्ब बदलत होतो. स्टुलावरून पडलो. बस."

त्यांना मी असं भासवलं की हे मी त्यांच्यासाठी करतोय. होणाऱ्या सुनेच्या बापाचा हात मोडणारी सासू, लोक काय म्हणतील वगैरे. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण निराळं होतं. छप्पन्न वर्षांच्या पेंटरला एका बाईने पंजात हरवलं, हे मला माझ्या हयातीत कुणाला कळू द्यायचं नव्हतं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी हाताचा एक्स-रे फोटो काढला, दंडाला इंग्रजी यू अक्षरासारखी प्लास्टरची पट्टी घातली आणि म्हणाले, "आता मनगट वर करा." मी हाताला म्हटलं, वर ये. हात ऐकेना. बोटं मिटत होती, पण मनगट खाली लोंबत होतं, माझं नसल्यासारखं. लोकांना वाटतं, ब्रश बोटांनी चालतो. बोटं नुसती धरतात. रेघ ओढतं ते मनगट. मनगट नाही तर मी पेंटर नाही, आणि पेंटर नाही तर मी कोण, हे मला खरंच माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हाडाला खेटून एक नस जाते, तीच मनगट उचलते. ती दुखावली आहे. किती, ते आत्ता सांगता येत नाही.

मग त्यांनी विचारलं, "स्टूल किती उंच होतं?"

"दीड फूट असेल."

त्यांनी फोटो पुन्हा उजेडाला धरला. म्हणाले, एवढ्याशा उंचीवरून पडून चांगलं हाड असं मोडायला नको. इथे जरा धूसरही दिसतंय. हाड आतून पोखरलेलं असू शकतं, गाठही असू शकते. आठवडाभर तपासण्या करू. गरज पडली तर हाडाचा तुकडा काढून तपासू आणि मग ऑपरेशनचं ठरवू.

माझी बायको शेजारी बसली होती. मांडीवरची पर्स तिने दोन्ही हातांनी धरली होती, आणि घरी पोचेपर्यंत ती पकड सुटली नाही. घरी लेक रडली. मी तिला म्हटलं, काही नाही गं. पण खरं सांगायचा मला धीर झाला नाही. सुरुवातीला जे सांगून बसलो तेच आता गळ्याशी आलं होतं.

घरच्या माणसाची फाईल हिने कधी उघडली नाही. तसा तिथला नियम आहे, आणि नसता तरी तिने उघडली नसती. माझी फाईल शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याकडे गेली. पण फोटोची फिल्म आमच्याकडे होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून फिल्म बघत होती. गॅसवर दूध होतं. ते उतू गेलं, तरी तिचं लक्ष नव्हतं. सत्तावीस वर्षांत तिच्या हातून दूध उतू गेल्याचं मला आठवत नाही.

थोड्या वेळाने माझा चहा आला. बशीखाली चिठ्ठी होती. वर शिक्का, खाली तिचं बारीक, सरळ अक्षर.

'खुलासा करावा. पेशंटने सांगितलेलं: दीड फुटी स्टुलावरून पडणं. फोटोत दिसणारं: दंडाचं हाड खालच्या बाजूला पिळून मोडलेलं. अंगावर इतरत्र खरचटलेलं: नाही. काळंनिळं: नाही. बेकरीतले बल्ब: एकही नाही, सगळीकडे ट्यूबलाइट (लेकीने सांगितलं). तरी पुढीलपैकी एकावर खूण करावी. अ) पेशंट पडला. ब) पेशंट पडला नाही. क) इतर, लिहावं. ड) सांगता येत नाही.'

मी डाव्या हाताने 'ड' वर खूण केली.

तिने चिठ्ठी उचलली, वाचली आणि समोर बसली. "सांगता येत नाही म्हणजे माहीत नाही, की सांगायचं नाही?"

"अगं, हात मोडलेल्या माणसाला—"

"मी काही सुचवत नाहीये. मी फक्त विचारतेय."

तिचे डोळे लाल होते. मी ते पहिल्यांदा नीट बघितले, आणि माझी मलाच लाज वाटली. म्हटलं, "क."

"लिहावं."

"डाव्या हाताने काय लिहू? पंजा लढवला."

"कुणाशी?"

मी चहाकडे बघितलं. चहावर साय धरली होती. "विहीणबाईंशी," मी म्हटलं.

ती उठली आणि खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतेय. उठून जवळ गेलो, तर ती रडतही होती आणि हसतही होती, आणि कुठलं कधी संपेल ते तिलाही कळत नसावं. म्हणाली, "कालपासून तुमच्या हाडात मी काय काय बघितलं. सगळी वाईट पानं डोळ्यांपुढून गेली. आणि तुम्ही पंजा लढवत होता." मग पदराने डोळे पुसून तिने विचारलं, "किती वेळ टिकलात?"

डॉक्टरांना सांगायची वेळ आली तेव्हा मी तिच्याकडे बघितलं. ती भिंतीवरचा हाडांचा तक्ता वाचायला लागली. मग मीच सांगितलं. डॉक्टरांनी ऐकलं, खुर्चीत मागे रेलले आणि पोट धरून हसले. म्हणाले, पंजा लढवताना हाड नेमकं इथेच आणि नेमकं असंच पिळतं, आजवर चार जणांचं पाहिलंय, चौघंही तुमच्यापेक्षा तरुण होते. पुन्हा फोटो काढला तर धूसर काही दिसेना. आधीच्या वेळी वेदनेने मीच हललो होतो. तुकडा काढणं रद्द झालं, ऑपरेशनही टळलं. "हाड ठणठणीत आहे. ते जुळेल. नस बहुतेक नुसती ताणली गेलीय. अशी नस बहुधा आपणहून परत येते, पण तीन-चार महिने वाट बघावी लागेल. बहुधा म्हणतोय, नक्की नाही." मग सहज विचारलं, "कुणाशी लढलात? गडी दांडगा असणार."

बायको तक्ता वाचतच राहिली. मी म्हटलं, "दांडगा आहे."

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने माझ्या फाईलवर दुखापतीच्या कारणाचाही कोड लिहिला. त्या कोडाचा अर्थ असा: दुसऱ्या व्यक्तीकडून चुकून पिळलं जाणं. त्याच्या मागेपुढे चावलं जाणं आणि ओरबाडलं जाणं हेही आहे म्हणे. त्याने माझ्या तोंडावर, अगदी गंभीर चेहऱ्याने विचारून घेतलं की ते दोन्ही लागू आहेत का. खुलासाबाईंच्या हाताखाली असली की माणसं अशी तयार होतात.

संध्याकाळी विहीणबाई मुलाला घेऊन आल्या. हातात गरम पावांची पिशवी, डोळे भरलेले. दारातच म्हणाल्या, "मी लग्न मोडायला आले असं समजू नका, पण तुम्ही मोडलंत तर माझी तक्रार नाही."

बायकोने त्यांना हाताला धरून आत आणलं. "बसा हो. जे मोडायचं ते मोडून झालंय. मला एवढंच सांगा, हे कितपत टिकले?"

"दोनेक मिनिटं."

"म्हणजे बरेच टिकले."

विहीणबाई जरा मोकळ्या झाल्या. म्हणाल्या, "मी तर निम्माच जोर लावला होता." हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. लेक आणि होणारा जावई आत पळाले, आणि आतून बराच वेळ भांडी पडल्यासारखा हसण्याचा आवाज येत राहिला.

पुढचे दिवस माझे आणि हिचे. बारा दिवसांनी पट्टी निघाली आणि दंडाला कडक प्लास्टिकची बाही आली, पट्ट्यांनी आवळायची. जेवणापूर्वी ही त्या पट्ट्या आवळायची आणि म्हणायची, "हाडाला धरून बसणारं कुणीतरी लागतं." आडवं झोपायचं नाही, म्हणून मी आरामखुर्चीत झोपायचो, आणि ही शेजारी जमिनीवर गादी टाकून. पुढे वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. कोपर टेकवायचं नाही. लोंबत्या मनगटाला आधाराची पट्टी, आणि दिवसातून पाच वेळा ती काढून डाव्या हाताने उजवं मनगट वर उचलून दाखवायचं, त्याला विसर पडू नये म्हणून. बोटांना व्यायाम हवा, तर विहीणबाई रोज सकाळी मळलेल्या पिठाचा गोळा पाठवायच्या. मी तो मुठीत दाबत बसायचो. ज्या पिठाने हात मोडला त्याच पिठापुढे नाक घासायचं, असा प्रकार.

अकराव्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, हाड जुळलं. घरी येताना हिने रिक्षातच जाहीर केलं, "डी." लेकीने गोड केलं. विहीणबाईंनी आनंदाने माझ्या पाठीवर थाप मारली, आणि सगळे एकदम ओरडले, "हळू."

मी मात्र हसलो नाही. हाड जुळलं होतं, मनगट तसंच लोंबत होतं. बेकरीचा बोर्ड दोन खिळ्यांवर कोरा टांगलेला होता, आणि लग्नाला पाच आठवडे उरले होते. त्या दिवशी मी हिच्यावर उगाच चिडलो. म्हटलं, "तुझ्या डीचं मी काय करू? त्याने वेलांटी निघते का?"

ती म्हणाली, "हाडाचं अक्षर वेगळं, नसेचं वेगळं. नसेचं अजून आलं नाही, एवढंच. नाही येणार असं कुणी लिहिलेलं नाही."

रोज सकाळी चहाच्या वेळी ती आधाराची पट्टी काढायची आणि विचारायची, "मनगटाचं काय?" रोज तेच दोन शब्द. मी म्हणायचो, काही नाही. एक दिवस मी कावलो. "अगं, एकदा तरी म्हण की आज हललंय. खोटं का होईना. बरं वाटेल."

"मी म्हटलं तर तुम्ही हो म्हणाल," ती म्हणाली. "मला तुमचा हो नको. तुमचं मनगट पाहिजे."

मी पिठाचा गोळा दाबत बसलो. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की तिचा तो कायदा निव्वळ हॉस्पिटलचा नाही. समोरच्याकडे जे आहे तेच त्याच्याकडून घ्यायचं, आपल्याला हवं ते त्याच्या तोंडात कोंबायचं नाही, असं ती घरातही वागत आली होती. सत्तावीस वर्षं मी त्यालाच तिचा हट्ट म्हणत होतो.

चौदाव्या आठवड्यातल्या रविवारची गोष्ट. सकाळी विहीणबाई आणि जावई आले. चहा मांडलेला, पट्टी काढलेली, माझा हात टेबलावर पालथा. जावयाने जरा चाचरत एक गुंडाळी सोडली. "बाबा, रागावू नका. लग्नापर्यंत कोरा बोर्ड बरा दिसत नाही. तात्पुरता म्हणून हा फ्लेक्सचा नमुना काढून आणलाय. तुमचा हात बरा झाला की हा काढून टाकू."

मी बघितलं. 'बेकरी' हा शब्द कुणीतरी दोन्ही टोकांना धरून ओढला होता. 'क' चं पोट फुटलेलं. 'री' ची वेलांटी वरून कापलेली, आणि तिच्या जागी एक पाव चिकटवलेला. पावाला डोळे होते. पाव हसत होता.

माझं डोकं सणकलं. "ही वेलांटी आहे? दीर्घ वेलांटीचा गळा कापलाय आणि वर पावाला हसायला लावलंय. विहीणबाई, तीस वर्षं घाम गाळलात तो या पावासाठी? घे, उचल ते. माझ्या डोळ्यांसमोरून ने." आणि पुढेही मी बरंच बोलत राहिलो, फ्लेक्सबद्दल, शिरोरेषेबद्दल, हल्लीच्या जगाबद्दल.

जरा वेळाने माझ्या लक्षात आलं की मी एकटाच बोलतोय. जावई गुंडाळी हातात धरून उभा. लेकीने तोंडावर हात ठेवलेला. विहीणबाईंनी तोंड उघडलं, "अहो व्याही, तुमचा—", तोच बायकोने चटकन त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"थांबा," ती म्हणाली. "त्यांना सांगू दे."

मग माझ्याकडे वळून, रोजच्याच आवाजात तिने विचारलं, "आत्ता काय केलंत?"

"काय केलं? फ्लेक्स नको म्हटलं."

"कसं म्हटलं?"

"कसं म्हणजे? असं," मी म्हटलं, आणि पालथ्या हाताने माशी हाकलावी तसं पुन्हा करून दाखवलं. करताना माझी नजर हातावर गेली. मनगट टेबलापासून वर होतं. फार नाही, दोन बोटं. थरथरत होतं, पण वर होतं, आणि डावा हात माझ्या मांडीवर होता.

मी हात खाली ठेवला आणि पुन्हा वर केला. परत आला. मी तेच करत बसलो, खाली, वर, खाली, वर, आणि विहीणबाई पदर तोंडाशी धरून माझ्या प्रत्येक वर-खालीबरोबर मान हलवत होत्या.

बायको आत गेली. कपाटाचं दार वाजलं. ती आली ती चिठ्ठ्यांचा गठ्ठा, शिक्का आणि पेन्सिल घेऊन. चिठ्ठीवर शिक्का मारला, 'खुलासा करावा', आणि पेन्सिल माझ्या उजव्या हातात दिली. डाव्या नव्हे, उजव्या.

मी लिहिलं. तीन शब्द लिहायला किती वेळ लागला ते विचारू नका. पेन्सिल घसरायची, रेघ पळायची, शिरोरेषा चढावर गेल्यासारखी वर वर जायची. 'मनगट वर आलं.' इतकं वाकडं अक्षर मी पहिलीतही काढलं नव्हतं. ते बघून मला हसूही आलं आणि भरूनही आलं. चिठ्ठी तिच्याकडे सरकवली.

तिने चष्मा लावला आणि खिडकीपाशी गेली, जिथे तिने माझ्या हाडाची फिल्म धरली होती तिथेच. चिठ्ठी उजेडाला धरून ती बराच वेळ बघत राहिली. मग परत आली, दुसरा शिक्का उचलला, तो झिजलेला, आणि माझ्या तीन शब्दांखाली जोरात उमटवला.

'अक्षर लागत नाही. पुन्हा लिहून द्यावं.'

मी भांडायला तोंड उघडलं. एवढं काही वाईट नव्हतं ते. मग तिच्याकडे बघितलं. चष्म्याच्या दोन्ही काचा आतून भिजल्या होत्या. त्यातून माझंच काय, छापलेलं अक्षरही तिला लागलं नसतं.

मी नवी चिठ्ठी ओढली आणि पुन्हा लिहून दिलं.